जावा व्हायचं ठरलं होतं

चांगुणाचं नाव मी फार वर्षांनी मोठ्यानं घेतलं, आणि तेही पुण्यात, एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत, अनोळखी माणसांपुढं. ते पुढं येईल. आधी चांगुणा कोण ते सांगायला हवं, कारण ते सांगणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, आणि माझंही काही फार राहिलेलं नाही.

आमचं घर मार्गासनीच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. घर म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला बैलं, मधे कुडाची भिंत. बैलानं शेपटी मारली की कुडाचा पोपडा पडायचा आणि तो नेमका पाण्याच्या हंड्यात. वडील पाहुण्यांसमोरही तो पोपडा बोटानं काढून तेच पाणी प्यायचे. आई बोलायला कमी. तिचा राग भाकरी थापण्यावरून ओळखायचा. राग नसला की आवाज एकसारखा यायचा, राग असला की मधेच थांबायचा, आणि त्या थांबण्यात सगळं घर गप्प व्हायचं. खायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, पावसात ओढ्यातल्या चिंबोऱ्या. भात आमच्याच खाचरांत पिकायचा, पण तो विकायला. आमच्या ताटात सणाला यायचा. लोक आता त्या दिवसांबद्दल गोड बोलतात. मला त्यात गोड काही आठवत नाही. भूक आठवते, आणि चांगुणा आठवते.

तिचं घर ओढ्याच्या पलीकडं. आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेली. हातपाय मोठे, हसणं मोठं, चालताना ती पुढं आणि मी मागं. ती शाळेत गेली नाही, मी चौथीपर्यंत गेले. त्यामुळं तिचा असा समज होता की मला सगळं वाचता येतं. एसटीवरची पाटी वाचून दाखवली तरी ती माझ्याकडं मान तिरकी करून बघायची.

दिवाळी झाली की आम्ही दोघी माळावर गवत कापायला जायचो. गवताचा भारा एकटीनं डोक्यावर चढवता येत नाही, उचलून द्यायला दुसरं माणूस लागतंच. म्हणून बायका जोड्यांनी जायच्या, आणि आमची जोडी कधी बदलली नाही. दुपारी भाकरी खाऊन झाली की आम्ही जांभळीखाली बसायचो आणि ती माझ्या केसांतली कुसळं काढायची. कुसळ बारीक असतं, ओढलं की आणखी आत जातं, त्याला उलट्या बाजूनं काढावं लागतं. तिची बोटं जाड होती, तरी तिला ते जमायचं. एका दुपारी कुसळं संपली तरी तिनं हात काढला नाही. मीही काढ म्हटलं नाही. एवढंच सांगते. यापेक्षा जास्त ऐकायची ज्याला हौस आहे त्यानं दुसरीकडं जावं.

आम्ही तेव्हा लहान पोरी नव्हतो. विशीला आलो होतो, आणि गावाच्या हिशेबानं दोघींचंही लग्न लांबलेलं. तिचं आत्याकडं लक्ष द्यायला कुणी नव्हतं म्हणून, माझं थोरल्या भावाच्या लग्नात घर रिकामं झालं म्हणून. आमच्यात जे होतं त्याला आम्हाला नाव माहीत नव्हतं. नाव नव्हतं म्हणून भीतीही नव्हती. आता माझ्या नातीला त्यासाठी सात-आठ शब्द येतात. ते तिनं मला सांगितले, मी ऐकून घेतले. त्यातला एकही चांगुणाला बसत नाही.

जावा व्हायची कल्पना तिचीच. भारे बांधून झाले होते, दोरीला पीळ देता देता ती म्हणाली, "ताने, दोघी एकाच घरात पडलो तर?"

"पडलो म्हंजी?"

"म्हंजी दोन भाऊ बघायचे. थोरल्याला मी, धाकट्याला तू. जावा जावा. जावांना कोण काय बोलतंय? एका चुलीवर रांधायचं, एका ताटात जेवायचं, रानात जायचं तर जोडीनं जायचं."

"आन नवरं?"

"आस्तील की. दोन आस्तील." तिनं दोरीला गाठ मारली. "जातील शेतावर."

मी इतकी हसले की भारा उचलून द्यायला मला जमेना. पण हसणं संपल्यावर मला दिसलं की ती हसत नव्हती. तिनं सगळं बघून ठेवलं होतं. आत्याच्या सासरकडून किकवीचं एक घर कळलं होतं. दोन भाऊ लग्नाचे, जमीन रस्त्याच्या कडेला, विहिरीला पाणी. ठिकाण थोरल्यासाठी चांगुणाला आलं होतं. तिनं आत्याच्या कानावर घातलं की मार्गासनीची अजून एक पोर आहे, मैत्रीणच आहे, दोन्ही एका मांडवात उरकतील. आत्या भोळी. तिला वाटलं, पोरीला सासरी सोबत पाहिजे. ते खरंच होतं म्हणा.

त्यानंतरचा महिना मी कशी वागत होते ते आठवून मला आता हसू येत नाही, पण आश्चर्य वाटतं. मी किकवीला कधी गेलेले नव्हते, तरी त्या घराची चूल कुठं असेल, पाण्याला कुठून जायचं, हे आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. कोण आधी उठणार यावर आमचं भांडणही झालं. मला धाकट्या भावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं, आणि ते विचारावं असं वाटलंही नाही.

बघायला पाहुणे आले ते आमच्याच घरी, कारण आत्याच्या घरात चार माणसं बसायची सोय नव्हती. पोरांचा बाप, मामा आणि थोरला पोरगा. आईनं गुळाचा चहा केला, शेवयांची खीर केली. आम्हा दोघींना शेजारी शेजारी पाटावर बसवलं. मामा विनोदी होता.

"ह्या दोघीत कंची थोरल्याची आन कंची धाकट्याची, ते आदीच ठरवा," तो म्हणाला. "न्हाईतर मांडवात घोटाळा व्हायचा."

"घोटाळा झाला तरी घरातल्या घरातच हाय की," आत्या म्हणाली, आणि सगळे हसले. वडील हसले. थोरला पोरगा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता, तोही हसला. चांगुणानं पदराखालून माझ्या हाताला चिमटा काढला. मला वाटलं, झालं. मला त्या क्षणी खरंच वाटलं की आमचं झालं.

पोरांचा बाप म्हणाला, "आता चैतात दोनी उरकू. काय म्हंता?"

वडील होय म्हणायला तोंड उघडत होते. आई पाण्याचा तांब्या घेऊन कुडाजवळ उभी होती. बायकांनी मधे बोलायची पद्धत नव्हती. ती म्हणाली, "तुमचं देवक कंचं?"

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं, कुणाचं झाड, कुणाचं पान, कुणाचं फूल. लग्नाआधी ते मांडवाला बांधतात. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर ते भाऊ-बहीण धरतात, तिथं लग्न होत नाही. मग बाकी सगळं कितीही जुळू दे.

पोरांचा बाप म्हणाला, "आमचं कळंब."

आई म्हणाली, "मग कसं जमायचं? आमचं बी कळंबच हाय."

आमचं देवक पंचपालवी. थोरल्या भावाच्या लग्नात पाच झाडांच्या डहाळ्या मीच ओढ्यावरून आणल्या होत्या. वडिलांनी स्वतः त्या मांडवाच्या खांबाला बांधल्या होत्या. वडिलांनी मान वर करून आईकडं बघितलं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, तांब्याकडं बघत होती. आईनं आयुष्यात खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. वडिलांनी चंचीची नाडी सोडली, परत बांधली आणि म्हणाले, "मग काय इलाज न्हाई."

"आरंरं," मामा म्हणाला. "मग थोरल्याचं तेवढं पक्कं करू." आणि खीर खाल्ली त्यांनी. दोन दोन वाट्या खाल्ली.

पाहुणे गेल्यावर मी आईच्या पुढं जाऊन उभी राहिले. ती खरकटी भांडी राखेनं घासत होती.

"आये, आपलं देवक कळंब कवापासनं?"

"आजपासनं," ती म्हणाली. भांडं पालथं घातलं, दुसरं घेतलं. "माळावर म्या बी गवताला येते. मला दिसतंय, तू कुसळं काढून घेती ते."

मी राखेची पाटी तिच्याकडं सरकवली.

"त्या घरात दोगी गेला आस्ता तर चार म्हैन्यात कुनाच्या तरी डोळ्यावर आला आस्ता. मग हिरीत ढकलली आस्ती दोगींना आन पाय घसरला म्हनून सांगितलं आस्तं. आता दोन घरात ऱ्हावा. निदान जित्या ऱ्हाल."

तिचं बरोबर होतं की चूक हे मी पुष्कळ वर्षं ठरवत बसले. मग सोडून दिलं. जित्या राहिलो हे खरं आहे. त्याचं पुढं काय करायचं हे तिनं सांगितलं नव्हतं.

चांगुणाला आमचं देवक माहीत होतं. भावाच्या लग्नातल्या डहाळ्या आणताना ती माझ्याबरोबरच होती. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर तिनं मला एकच विचारलं, "तू सांगितलं व्हय आयला?" मी न्हाई म्हटलं. "मग कुनी सांगितलं?" मी म्हटलं, कुनी न्हाई, तिनं बघितलं. ती धुणं आपटत राहिली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला का, की तिला वाटलं मीच भिऊन मागं सरले, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची वेळ खूपदा आली. प्रत्येक वेळी शेजारी कुणीतरी होतं.

तिचं लग्न चैतात झालं. मी करवली म्हणून तिच्या मागं उभी. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, तशी तेव्हा पद्धतच होती. तिला वाचता येत नव्हतं. मान न वळवता तिनं विचारलं, "काय लिवलंय?"

"सुनंदा," मी म्हटलं.

"कोन ती?"

भटजी रागानं बघायला लागले म्हणून मी गप्प बसले. त्या दिवसापासून चांगुणा हे नाव कुणी घ्यायचं कारण उरलं नाही. पुढच्या वर्षी माझंही लग्न झालं, वेल्ह्याकडच्याच गावात. नवरा वाईट नव्हता. इथं त्याच्याबद्दल एवढं पुरे.

मग चाळीसच्या वर वर्षं आम्ही भेटलो ती नसरापूरच्या बाजारात. मी गवार, घेवडा घेऊन बसायची. ती घ्यायला यायची. बरोबर सासू, मग पोरं, मग सुना. ती निवडून निवडून घ्यायची, कारण निवडायला वेळ लागतो. तिचा थोरला मुलगा सुनील मला मावशी म्हणायला शिकला. तिचा नवरा गेला, माझा गेला, तरी बाजारात दोन म्हाताऱ्या किती वेळ बोलणार? मग तिला साखरेचा आजार झाला, मग मूत्रपिंडं गेली, मग ती गेली. तेराव्याला मी जेवून आले. सुनीलनं मला साडी नेसवली, आईची मैत्रीण म्हणून.

आता पुण्याचं. माझी नात अक्षदा तिथं एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. गेल्या पावसाळ्यात ती घरी आली होती, आम्ही पावटा सोलत बसलो होतो, आणि तिनं विचारलं, "आजी, तुझी कोणी मैत्रीण होती का गं?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, देवकासकट. का सांगितलं, ठाऊक नाही. म्हातारपणी तोंडाचा बांध सुटतो. ती पावटा सोलायची थांबली. मग म्हणाली की ती राहते तिथं जवळच एक जागा आहे. ज्यांचं असं असतं, बाईचं बाईवर, पुरुषाचं पुरुषावर, किंवा बाईचा जीव पुरुषाच्या अंगात, ती माणसं पूर्वी तिथं लपून जमायची, तिथून त्यांनी हक्कासाठी भांडायला सुरुवात केली. आता ती जागा तशीच जपून ठेवलीय, लोक बघायला येतात. आणि ज्यांना जिवंतपणी आपलं म्हणून सांगता आलं नाही, त्यांची नावं तिथं भिंतीवर कोरतात.

इतर काही मी नीट ऐकलं नाही. नावाचं ऐकलं.

म्हणून मी गेले. एसटीनं स्वारगेट, तिथून रिक्षा. एका पेठेत सायकलचं जुनं दुकान, शेजारून लाकडी जिना. वर दोन खोल्या. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. एक फाटकी सतरंजी काचेत ठेवलेली, भिंतीला फोटो, एक कोर्टाचा कागद चौकटीत, इंग्रजीत. तिथली व्यवस्था बघणारी रेश्मा म्हणून एक जण होती, सातारकडची, उंच, आवाज भरडा, साडी चोपून नेसलेली, पन्नाशीची असेल. जन्माला मुलगा म्हणून आली होती, हे तिनंच पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं, जसं कुणी आपलं गाव सांगतं. तिनं मला खुर्ची दिली आणि माझ्यासमोर खाली बसली.

"ह्या सतरंजीवर बसायचो आमी, रविवारी," ती म्हणाली. "खाली सायकलवाला चाचा पंक्चर काढत बसायचा. कोन अनोळखी जिन्याकडं आला की तो सायकलची घंटी वाजवायचा. मग हितं आमी लगीच पत्त्यांचा डाव मांडायचो."

"पत्तं येत व्हतं का?" मी विचारलं.

"कुनाला बी न्हाई." ती हसली. "चाचानंच शिकवलं शेवटी. म्हनला, निदान पानं सरळ तरी धरा."

मग तिनं कायद्याचं सांगितलं. असं प्रेम करणं हा गुन्हा होता, इंग्रजांच्या वेळचं कलम होतं, कितीजण त्याच्या भीतीनं मेले, कितीजण भांडले, आणि शेवटी मोठ्या कोर्टानं ते काढून टाकलं. सांगताना तिनं पदर डोळ्यांना लावला. अक्षदाही डोळे पुसत होती. मला काहीच आलं नाही. मी तिथं बसून एवढाच विचार करत होते की कायदा होता हेच मला माहीत नव्हतं. आम्हाला कुठल्या कलमानं अडवलंच नाही. एका बाईनं हातात तांब्या धरून दोन शब्द उच्चारले, आणि झालं. ते कुठल्या कोर्टात काढून टाकायचं? आणि आता काढलं तरी कुणाला मिळणार? सायकलची घंटी वाजवायला आमच्याकडं कुणी नव्हतं. पण इथं एवढी माणसं एका सतरंजीवर बसली होती हे बघून मला आनंद व्हायला हवा होता, असं अक्षदाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मला उलट झालं. इथून आमचा माळ एसटीनं एका सकाळच्या अंतरावर. आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

भिंत आतल्या खोलीत होती. काळा कडप्पा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नावं. काही पूर्ण, काही नुसती एकेरी. मी म्हटलं, "हितं चांगुणाचं नाव घाला."

रेश्मानं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "आजी, घरच्यांना इचारावं लागतंय."

"घरचे कोन?"

"नवरा, पोरं. जे आस्तील ते."

"जल्मभर ज्यांच्यापासनं लपवलं त्यांनाच इचारायचं?"

"व्हय. मला बी पटत न्हाई," ती म्हणाली. "पन आदी न इचारता घालायचो. एका पोराचं नाव घातलं, तर त्येचा बाप छिन्नी घिऊन आला. ते बगा." तिनं दाखवलं तिथं कडप्प्यावर नाव नव्हतं, खड्डा होता. "बाप रडत रडत खोदत व्हता. तवापासनं ठरवलं, इचारायचं. फोनवर व्हय म्हनले तरी चालतंय."

अक्षदा म्हणाली, "आजी, राहू दे." मी म्हटलं, लाव फोन.

सुनीलचं किकवीला हायवेला शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. मला ऐकायला कमी येतं म्हणून अक्षदानं माझा मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला. तो लगेच बोलला, "बोला मावशी. बरं हाय का?"

मी म्हटलं, "पुन्यात आलेय. हितं एका ठिकानी भितीवर नावं कोरत्यात. तुझ्या आयचं नाव घालावं म्हंते. तुझा होकार पायजे."

"आरं वा," तो म्हणाला. "कंचं देवस्थान?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यानं पुढं सुरूच केलं. आमच्याकडं प्रत्येक देवळात देणगीदारांच्या फरश्या असतात, त्याला तेच वाटलं. "मावशी, तुमी कशाला भरताय, मी भरतो की. आसं लिवा. कैलासवासी सुनंदा, म्होरं वडलांचं पूर्ण नाव, यांच्या स्मरनार्थ. खाली सुपुत्र म्हनून माजं आन धाकट्याचं. जागा आसली तर दुकानाचं नाव बी टाका, बारीक अक्षरात. आन मावशी, यंदा म्हाळाला लवकर या. गेल्या साली तुमी पंगत उठल्यावर आला."

रेश्मा माझ्याकडं बघत होती. होकार मिळाला होता. तिनं डोळ्यांनी विचारलं, पुढं काही न सांगता फोन ठेवायचा का? ठेवता आला असता. पण मग भिंतीवर काय गेलं असतं? सुनंदा, तिच्या नवऱ्याचं नाव, दोन पोरांची नावं, आणि अवजारांचं दुकान. तशी फरशी किकवीच्या देवळात आधीच आहे.

मी म्हटलं, "सुनील, हे देवस्थान न्हाई." आणि जागा कसली ते सांगितलं, जेवढ्या साध्या शब्दांत सांगता येतं तेवढ्या. तुझी आई आणि मी, असंही सांगितलं.

फोनमधून दुकानातला आवाज येत राहिला. कुणीतरी फवारणीच्या पंपाची किंमत विचारत होतं. त्याला उत्तर मिळालं नाही.

मग सुनील म्हणाला, "मावशी, आयनं तुमचं काय वाईट केलं व्हतं?"

"काय बी न्हाई."

"मग मेल्यावर तिला आसं का बट्टा लावताय?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुमच्यात काय भांडान व्हतं का? आसंल तर मला सांगा, मी आयच्या वतीनं पाया पडतो तुमच्या. पन हे नको."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? फोन बंद झाला.

मग रेश्मा म्हणाली, "आजी, नुसतं चांगुणा लिवू. ना बाप, ना नवरा, ना गाव. कुनाला कळतंय? नियम मी केलाय, मी मोडते." अक्षदा म्हणाली, "हो आजी, असंच करू."

मी नको म्हटलं. विचारलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. आता त्यानं नको म्हटल्यावर कुणाला न कळेल असं, चोरून लिहायचं? ते आम्ही जन्मभर केलंच की. त्यासाठी पुण्याला यायची गरज नव्हती. रेश्मानं जेवून जा म्हटलं, तर भूक नव्हती. जिना उतरताना ती माझा हात धरून खालपर्यंत आली. खाली सायकलच्या दुकानात आता चाचा नाही, त्याचा पुतण्या असतो. तो मोबाईल बघत होता.

अक्षदा अजून म्हणते, सुनीलला वेळ दे आजी, माणसं बदलतात. असतील बदलत. मला तेवढा वेळ नाही आणि त्याला गरज नाही. त्याच्या आईवर तो माझ्याइतकाच जीव टाकायचा, म्हणून तर तो तसं बोलला. मला त्याचा राग आला असता तर धरायला काहीतरी राहिलं असतं.

म्हाळाचं, म्हणजे पितृपंधरवड्यात चांगुणाच्या नावानं घालतात त्या जेवणाचं, बोलावणं यंदा आलं नाही. दरवर्षी आठ दिवस आधी फोन यायचा. म्हाळाच्या दिवशी मी नसरापूरला बाजारात बसले होते, गवार घेऊन. सुनील भाजी घ्यायला आला. त्याच्या घरी म्हाळाला पंधरा तऱ्हेच्या भाज्या करतात, चांगुणानं घातलेली पद्धत. त्यानं माझ्या शेजारणीकडून भेंडी घेतली, पलीकडून कारली घेतली. माझ्यापुढं आला तेव्हा थांबला. मान खाली घालून म्हणाला, "बरं हाय का मावशी?"

मी म्हटलं, "बरं हाय."

त्यानं गवार घेतली नाही. काखेत केळीच्या पानांची गुंडाळी होती. बरीच पानं होती.